६३९२ फूट आणि एक माशी

मोनो लेक म्हटलं की आपल्यातल्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ते पांढरे सुळके येतात. योसेमिटीला गेलात, टायोगा खिंडीतून पलीकडे उतरलात, ली व्हायनिंगला गॅस भरायला थांबलात, की पुढचा तासभर या सुळक्यांचे फोटो काढण्यात जातो. संध्याकाळचं गुलाबी आकाश, त्यात चुनखडीचे मनोरे, खाली त्यांचं प्रतिबिंब. फोटोच्या तळाशी काठालगत एक काळपट पट्टा असतो आणि व्हॉट्सॅपवर टाकण्याआधी तो बहुतेक जण कापून टाकतात. चिखल वाटतो तो. जवळ जाऊन पाहिलंत तर पायाची चाहूल लागताच तो पट्टा उठतो, दोन पावलं सरकतो आणि पुन्हा बसतो. त्या माश्या आहेत. काठाच्या दर फुटात शेकड्यांनी.

हा लेख त्या कापून टाकलेल्या पट्ट्याबद्दल आहे. आणि तुम्ही माझ्यासारखे लॉस एंजेलिस शहरात राहत असाल, तर तुमच्या स्वयंपाकघरातल्या नळाबद्दलही आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते: या तळ्याची पाण्याची पातळी १९९४ साली ठरलेल्या उंचीला पोचेपर्यंत शहराने तिथून पाणी नेणं थांबवावं. त्यासाठी पक्ष्यांची आणि सुळक्यांची कारणं नेहमी दिली जातात आणि ती खरीही आहेत. पण मला सगळ्यात पटणारं कारण या माशीत आहे, आणि ते फारसं कुणी सांगत नाही.

आधी माशीची ओळख. इंग्रजीत तिला अल्कली फ्लाय म्हणतात, शास्त्रीय नाव एफिड्रा हायान्स. लांबी जेमतेम पाच-सहा मिलिमीटर. घरातल्या माशीशी हिचं नातं दूरचं. ती चावत नाही, जेवणावर बसत नाही, अंगावरही सहसा येत नाही. तिला तुमच्यात काडीचा रस नाही. तिचं सगळं आयुष्य पाणी आणि जमीन यांच्यामधल्या अरुंद पट्टीत जातं: काठावर बसायचं, पाण्याखाली उतरून शेवाळ खायचं, तिथेच अंडी घालायची. अळ्या पाण्याखाली, कोष पाण्याखाली, आणि नवी माशी कोषातून निघून वर येते ती पुन्हा त्याच काठावर.

मात्र पाणी साधं नाही. मोनो लेकला बाहेर जाणारी वाट नाही. सिएरा नेवाडाचा बर्फ वितळून ओढ्यांनी पाणी येतं आणि जातं ते फक्त वाफेने. हजारो वर्षं क्षार मागे राहत आले. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. इथे आज त्याच्या दुपटीहून जास्त आहेत. शिवाय हे नुसतं मीठ नव्हे. यात सोडियम कार्बोनेट भरपूर, म्हणजे आपला धुण्याचा सोडा, पापडखाराचा जवळचा नातेवाईक. पाण्याचा पीएच १० च्या आसपास. हात बुडवला तर बोटं साबण लावल्यासारखी बुळबुळीत होतात. यात एकही मासा जगत नाही. जगतात ती शेवाळं, जीवाणू, नखाएवढे झिंगे आणि ही माशी. झिंगे तळ्याच्या मधल्या पाण्यात, माशी काठाला, अशी वाटणी.

पाण्याखाली मासे नाहीत आणि शेवाळ मुबलक आहे. म्हणजे जिला बुडी मारता येईल तिला न संपणारी पंगत, वर कुणी खाणाराही नाही. अडचण फक्त बुडी मारण्याची.

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पाणी कुठल्या पृष्ठभागाला चिकटतं आणि कुठल्या नाही, यावरच माझी पीएचडी गेली. अळूच्या पानावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा गडगडतो हे आपण लहानपणापासून पाहिलंय. पानावर सूक्ष्म उंचवटे असतात, त्यांवर मेणाचा थर असतो आणि उंचवट्यांमधल्या फटींत हवा अडकून राहते. थेंब खरं तर पानापेक्षा हवेवरच जास्त बसलेला असतो. या माशीने हीच युक्ती अंगभर केली आहे. तिचं शरीर दाट, बारीक केसांनी झाकलेलं आहे आणि केसांवर मेणचट हायड्रोकार्बनांचा लेप आहे. ती सुळक्याच्या कडेने चालत पाण्यात शिरते तेव्हा हवेचा एक थर तिच्याबरोबर खाली जातो आणि तिच्याभोवती चांदीसारखा चकाकणारा बुडबुडा तयार होतो. डोळे तेवढे बुडबुड्याच्या बाहेर राहतात, म्हणून पाण्याखाली तिला नीट दिसतं. पंधरा मिनिटांपर्यंत ती अशी खाली फिरते. मग पकड सोडते, बुडबुड्यासकट बुचासारखी वर येते आणि कोरडी ठणठणीत उडून जाते.

मार्क ट्वेनने १८७२ सालच्या 'रफिंग इट' या पुस्तकात या माश्यांवर गंमतीने लिहिलं आहे. त्यांना पाण्याखाली कितीही दाबून धरा, सोडल्या की कोरड्याच वर येतात, हे त्याने टिपलं होतं. हे होतं कसं याचं नीट मोजमाप व्हायला आणखी १४५ वर्षं लागली. २०१७ साली फ्लोरिस व्हॅन ब्रूगेल आणि मायकल डिकिन्सन या दोघांनी माश्यांना बारीक तारेला चिकटवून पाण्यात बुडवलं आणि आत ढकलायला व बाहेर काढायला किती बल लागतं ते मोजलं. पाण्याचा पृष्ठभाग फोडून आत शिरायला माशीला स्वतःच्या वजनाच्या १८ पटीपर्यंत जोर लावावा लागतो. साठ किलोच्या माणसाने एक टनाहून जास्त वजन रेटण्यासारखं आहे हे. त्यासाठी तिच्या पायांना मोठ्या नख्या आहेत, सुळक्याच्या खरबरीत दगडात रुतवून स्वतःला खाली ओढायला.

पण त्या कामातलं मला सगळ्यात आवडलेलं निरीक्षण वेगळंच आहे. मिठाने पाणी जड होतं, म्हणजे खारं पाणी माशीला अडचणीचं, असं वाटेल. प्रत्यक्षात खरा शत्रू निघाला सोडियम कार्बोनेट. कार्बोनेट असलेलं पाणी केसांमधल्या फटींत जास्त सहज घुसतं. धुणं धुताना सोडा टाकतो तेव्हा आपल्याला हेच हवं असतं, पाण्याने कपड्याच्या धाग्याधाग्यात शिरावं. मोनो लेक म्हणजे सोडा घातलेली अवाढव्य बादली, आणि त्यात कोरडं राहणं हे साध्या खाऱ्या पाण्यात कोरडं राहण्यापेक्षा कितीतरी अवघड. दुसऱ्या जातींच्या माश्या याच पाण्यात बुडवल्या तर भिजतात. आपल्या माशीकडे नवं यंत्र काही नाही. बहुतेक कीटकांना असतात तेच केस, तेच मेण, तिच्याकडे थोडे दाट, थोडं वेगळं. एवढ्या 'थोड्या'वर एक अख्खं तळं तिचं झालं.

तेलाचा तवंग मात्र या व्यवस्थेला चालत नाही. सनस्क्रीनमधल्या तेलकट पदार्थांनी माश्या भिजू लागतात, हेही त्याच अभ्यासात दिसलं. तेव्हा तिथे पोहायला उतरणार असाल तर एवढं लक्षात ठेवा.

प्रौढ माशी निदान बुडबुड्यात सुरक्षित असते. अळीला तीही सोय नाही. ती सतत या पाण्यात बुडालेली असते, हेच पाणी पिते. पोटात इतका सोडा गेल्यावर त्याचं करायचं काय? उत्तर डेव्हिड हर्ब्स्ट आणि टिमोथी ब्रॅडली यांनी १९८९ साली दिलं. अळीच्या उत्सर्जक नळ्यांपैकी एक जोडी चुन्याची पिशवी बनलेली असते. पाण्यातला कार्बोनेट तिथे कॅल्शियमबरोबर बांधला जातो आणि चुनखडी होऊन साठतो. आता ते पांढरे सुळके कसे बनतात ते आठवा. तळ्याच्या बुडातून गोड्या पाण्याचे झरे वर येतात, त्यात कॅल्शियम असतं, तळ्याच्या पाण्यात कार्बोनेट असतं, दोघांची गाठ पडली की चुनखडी. ज्या रसायनाने सुळका उभा राहिला तेच रसायन त्याच सुळक्याला चिकटलेल्या अळीच्या पोटात चाललेलं असतं. टुरिस्ट बाहेरच्या सुळक्यासाठी तीनशे मैल गाडी हाकून येतो. असो.

आता पाण्याच्या पातळीकडे वळते, कारण माशी आणि पातळी यांचा संबंध इथूनच सुरू होतो.

अळीच्या पोटातली ही सगळी व्यवस्था फुकट चालत नाही. क्षार बाहेर काढायला ऊर्जा लागते. पाणी जितकं खारट तितकी जास्त ऊर्जा त्यात जाते आणि वाढीसाठी कमी उरते. हर्ब्स्ट यांनी वर्षानुवर्षं केलेल्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसतं: क्षार वाढले की अळ्या हळू वाढतात, कमी जगतात, प्रौढ माश्या लहान निघतात. ही झाली पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट जागेची. अळीला आणि कोषाला धरून राहायला टणक पृष्ठभाग हवा असतो, म्हणजे पाण्याखालचे सुळके आणि खडक. वाळूत आणि गाळात त्यांचा टिकाव लागत नाही. पाणी उतरलं की सुळके उघडे पडतात. फोटो छान येतात, पण उघडा पडलेला प्रत्येक सुळका म्हणजे माश्यांच्या वस्तीतली एक रिकामी झालेली इमारत. आपण ज्याचं सौंदर्य म्हणून कौतुक करतो ते बऱ्याच अंशी पाणी गेल्याची खूण आहे. मला तिथे उभं राहून 'वा' म्हणताना दर वेळी जरा खटकतं ते यामुळे.

पाणी गेलं कुठे? लॉस एंजेलिसला. १९४१ पासून शहराने मोनो लेकला मिळणाऱ्या पाच प्रमुख ओढ्यांपैकी चार वळवले आणि बोगदे, कालवे, नळ यांतून सुमारे साडेतीनशे मैल दक्षिणेला पाणी आणलं. तेव्हा तळ्याची पातळी समुद्रसपाटीपासून ६४१७ फूट होती. १९८२ पर्यंत ती ६३७२ वर आली. पंचेचाळीस फूट खाली. पाणी निम्मं झालं, म्हणून क्षारता दुप्पट: लिटरला सुमारे ५० ग्रॅमवरून ९९ च्या आसपास. कुरव पक्षी ज्या नेगिट बेटावर अंडी घालत, ते बेट सत्तरच्या दशकाच्या अखेरीस किनाऱ्याला जोडलं गेलं आणि कोल्ह्यांचे भाऊबंद असलेले कायोटी चालत तिथे पोचले. उघड्या पडलेल्या पात्रावरून क्षारांची धूळ उडू लागली.

यानंतरची कथा पर्यावरणाच्या कुठल्याही अभ्यासक्रमात असते. १९७६ साली विद्यार्थ्यांच्या एका गटाने तळ्याचा पहिला सविस्तर अभ्यास केला. १९७८ मध्ये डेव्हिड गेन्स आणि सहकाऱ्यांनी मोनो लेक कमिटी उभी केली. 'सेव्ह मोनो लेक'चे स्टिकर गाड्यांवर लागले. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की अशा पाण्यावर जनतेचा हक्क आहे, सरकार त्याचं विश्वस्त आहे आणि पाणी नेण्याची परवानगी एकदा दिली म्हणून ती कायमची दगडावरची रेघ होत नाही. मग २८ सप्टेंबर १९९४ रोजी राज्याच्या जल मंडळाने निर्णय क्रमांक १६३१ दिला: पातळी ६३९२ फुटांपर्यंत वाढू द्यायची, तोवर शहराने मर्यादेत पाणी न्यायचं. साधारण वीस वर्षांत लक्ष्य गाठलं जाईल असा हिशेब होता.

हा आकडा कुणाच्या मनात आला म्हणून ठरला नाही. हवेतली धूळ, कुरवांची बेटं, सुळके, ओढ्यांतले ट्राउट मासे अशा अनेक गोष्टी तोलल्या गेल्या, आणि त्यांत माशीही होती. कुठल्या पातळीला पाण्याखाली किती टणक पृष्ठभाग राहील, क्षार किती असतील आणि माश्यांचं उत्पादन किती होईल, हा हिशेब मंडळापुढे होता. जाहीर चर्चेत मात्र तो कधीच पुढे आला नाही. पोस्टरवर माशी कोण लावणार?

पण पोस्टरवर ज्यांचं चित्र असतं त्या पक्ष्यांना विचारा. फॅलरोप नावाचे छोटे, भोवऱ्यासारखे गरगर फिरत पोहणारे पक्षी उन्हाळ्यात इथे येतात. विल्सनचा फॅलरोप तर इथे पिसं बदलतो, काही आठवड्यांत जवळपास दुप्पट वजनाचा होतो आणि थेट दक्षिण अमेरिकेतल्या खाऱ्या तळ्यांकडे निघतो. ही चरबी बरीचशी माश्यांतून येते. त्याचाच भाऊबंद असलेल्या लाल मानेच्या फॅलरोपवर मार्गारेट रुबेगा यांनी इथे प्रयोग केला. झिंगे आणि माश्या दोन्ही दिल्या तर पक्षी माश्या निवडत. नुसते झिंगे दिले तर पोटभर खाऊनही त्यांचं वजन घटत गेलं. तळ्यात झिंगे अब्जावधी आहेत, तेव्हा पक्ष्यांना काय कमी, असं म्हणण्याची सोय त्या प्रयोगाने संपवली. कडेचं अन्न आणि मधलं अन्न एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

आता आजची स्थिती. १९९४ ला तीस वर्षं उलटली आणि ६३९२ अजून आलेलं नाही. २०२३ च्या विक्रमी हिमवर्षावाने तळं जवळपास पाच फूट चढलं, सगळ्यांनी आनंद केला, तरीही लक्ष्य आठ-नऊ फूट दूर राहिलं. मधल्या काळात दुष्काळ आले हे खरं. पण नियमांतच एक खोट आहे. दर वर्षी १ एप्रिलची पातळी पाहिली जाते. ती ६३७७ ते ६३८० च्या दरम्यान असेल तर शहराला ४५०० एकर-फूट पाणी मिळतं, आणि ६३८० ओलांडली की एकदम १६,००० एकर-फूट. म्हणजे ओल्या वर्षात तळ्याने जरा डोकं वर काढलं रे काढलं की उपसा साडेतीन पट. चांगल्या वर्षाची कमाई साठू द्यायची नाही, अशीच ही रचना आहे. जिने चढताना दर चौथ्या पायरीवर कुणी खांदा धरून मागे ओढावं तसं. आधीचा हिशेब चुकला तर काय, याची सोयही त्या निर्णयात आहे: ठरल्या मुदतीत पातळी आली नाही तर मंडळाने पुन्हा सुनावणी घ्यायची. मुदत केव्हाच गेली आहे.

सोळा हजार एकर-फूट म्हणजे किती? आपल्या परिचयाच्या मापात सुमारे ०.७ टीएमसी. खडकवासल्याच्या उपयुक्त साठ्याच्या एक तृतीयांशाहून थोडं अधिक. जवळपास चाळीस लाख वस्तीच्या शहराच्या एकूण पुरवठ्यात हा वाटा शेकड्यात दोन-तीनच्या घरात आहे.

इथे नेहमीचा आक्षेप येतो आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. माणसांचं पाणी तोडून माश्यांना द्यायचं का? दुष्काळी गावातून आलेल्या माणसाने हा प्रश्न विचारला तर त्याचा त्याला अधिकार आहे. माझ्या आजोळी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहायचे. पाणी म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. पण इथला हिशेब तसा नाही. सत्तरच्या दशकापेक्षा आज लॉस एंजेलिसची लोकसंख्या दहा लाखांनी जास्त आहे आणि शहर पाणी तेव्हापेक्षा कमी वापरतं. नळ, संडासाच्या टाक्या, बागा यांत एवढी बचत झाली. सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याचे प्रकल्प सुरू आहेत. आपल्या कॉलनीतली हिरवळ बघा, जिच्यावर कुणी बसत नाही, पोरं खेळत नाहीत, तरी जुलैत सकाळी सहाला तिच्यावर फवारे चालू असतात. वाद माणूस विरुद्ध माशी असा नाहीच. तो त्या हिरवळीत आणि त्या काठात आहे. पाणी थांबवल्याने तळं दोन वर्षांत भरेल असंही मी म्हणत नाही. हवामान कुणाच्या हातात नाही. पण आपला उपसा आपल्या हातात आहे.

आणि थांबायचं नाही ठरवलं तर काय होतं, हे बघायला लांब जायला नको. यूटाहचं ग्रेट सॉल्ट लेक २०२२ च्या नोव्हेंबरात नोंदींतल्या सगळ्यात खालच्या पातळीला गेलं. तिथेही याच कुळातल्या माश्या आहेत, आणि त्यांच्या अळ्या जीवाणूंनी बांधलेल्या खडकांवर वाढतात. ते खडक उघडे पडून वाळले, पाण्याची क्षारता वाढली आणि त्या वर्षी एरवी काठ काळा करणाऱ्या माश्या कोसळल्या. पुढच्या हिवाळ्यात भरपूर बर्फ पडला म्हणून निभावलं.

उलटं उदाहरण मोनोच्या दक्षिणेला आहे. ओवेन्स लेक १९१३ च्या कालव्याने विसाच्या दशकात कोरडं केलं. मग तिथली धूळ देशातल्या सगळ्यात वाईट धुळींपैकी एक ठरली आणि ती बसवायला शहराला दोन अब्ज डॉलर्सहून जास्त खर्च आला. या शतकाच्या सुरुवातीला धूळ बसवण्यासाठी पात्राच्या काही भागांत उथळ पाणी सोडलं. हेतू फक्त धुळीचा. पण वीतभर पाणी उभं राहिलं तशा माश्या आल्या, माश्यांमागे किनारी पक्षी हजारोंनी आले. कुणी बोलावलं नव्हतं. वाचवलेल्या पाण्याचा हिशेब करणाऱ्यांनी या दोन अब्जांचा आकडाही त्याच कागदावर लिहावा, एवढीच विनंती.

खोल पाणी आपल्याला महत्त्वाचं वाटतं, चिखल आणि शेवाळाची कडा घाण वाटते, हा पूर्वग्रह सगळ्यांचा नव्हता हेही सांगायला हवं. या तळ्याकाठी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुत्झादिकाआ पायूट लोकांचं नावच माशीवरून पडलं आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस काठाला लागलेले कोष ते गोळा करत, वाळवत, टरफल पाखडून आतला स्निग्ध दाणा खात आणि सिएरापलीकडच्या लोकांशी ओकच्या फळांच्या बदल्यात त्याचा व्यापार करत. या अन्नाला ते कुत्सावी म्हणतात. फॅलरोपला जे कळलं होतं ते त्यांनाही कळलं होतं. केंद्र सरकारची मान्यता मिळावी म्हणून ही जमात कित्येक वर्षं झगडते आहे.

हे सगळं कॅलिफोर्नियाचं झालं, भारताशी याचा काय संबंध, असं तुमच्यातले पुण्या-नाशकातून वाचणारे म्हणतील. एक धागा कायद्याचा आहे. डिसेंबर १९९६ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या खटल्यात, बियास नदीच्या काठावर झालेल्या हॉटेलच्या बांधकामाबद्दल निकाल देताना, सार्वजनिक विश्वस्ताचं तत्त्व भारताच्या कायद्याचा भाग असल्याचं सांगितलं. त्या निकालात ज्या परदेशी निवाड्यांची चर्चा आहे त्यांत मोनो लेकचा १९८३ चा निवाडा ठळकपणे आहे. आपल्याकडे नदी, तळं, समुद्रकिनारा यांसाठी कोर्टात जाणारे आजही या तत्त्वाचा आधार घेतात.

दुसरा धागा 'सुशोभीकरण' या शब्दाचा. आपल्या गावातल्या तळ्याचं सुशोभीकरण झालं म्हणजे काय होतं ते तुम्ही पाहिलंय: चारी बाजूंनी दगडी किंवा काँक्रीटची उभी भिंत, वर जॉगिंग ट्रॅक, रंगीत दिवे, मध्ये कारंजं. पाणी तेवढंच, कदाचित जास्तच. फक्त उतरती ओली कडा गेलेली. चिखलातले किडे गेले, त्यांना टिपणारे धोबी आणि तुतवार गेले, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण तळ्याच्या फायलीत क्षेत्रफळ असतं, साठा असतो, कडा मोजायचा रकाना नसतो. मोनो लेकच्या पातळीच्या हिशेबात निदान तो रकाना होता. माझी आपल्या नगरपालिकांकडून अपेक्षा एवढीच आहे: भिंत घालण्याआधी एका कीटकशास्त्राच्या विद्यार्थ्याला दोन ऋतू त्या काठावर बसवा. दिव्यांच्या खर्चापुढे त्याचं विद्यावेतन काहीच नाही.

आणि लोणार. उल्केच्या विवरात साठलेलं, सोड्याचंच पाणी, पीएच १० च्या आसपासचा. रसायनाच्या दृष्टीने मोनोचं भावंडच. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा जगभर फोटो फिरले. पुण्याच्या आघारकर संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तो रंग क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचा असल्याचं दाखवलं. त्याच वर्षी लोणारला रामसर दर्जा मिळाला. आता तिथे जाल तेव्हा विवराच्या कड्यावरून फोटो काढून परतू नका. वाटाड्याला घेऊन खाली उतरा आणि पाण्याच्या रेषेशी थोडा वेळ उकिडवे बसा.

मोनोला जाणार असाल तर साउथ टुफाच्या बाजूला जा, जुलै-ऑगस्टमध्ये, वारा नसलेल्या सकाळी. सनस्क्रीन लावलेले हात पाण्यात घालू नका. अर्धवट बुडालेला एखादा सुळका निवडा आणि पाण्याची रेषा जिथे दगडाला टेकते तिथे नजर ठेवा. पाच मिनिटांत एखादी माशी नख्या रुतवत खाली उतरताना दिसेल, चांदीच्या मण्यासारखी. आणि लॉस एंजेलिसमध्ये राहत असाल तर राज्याच्या जल मंडळाला दोन ओळींची ईमेल करा: १६३१ ची सुनावणी घ्या, आणि ६३९२ येईपर्यंत आमच्या वाट्याचं पाणी तिथेच राहू द्या. मी केली आहे. बिलावरचा पत्ता घालायला विसरू नका, ते पाणी कुणाच्या नळाला येतं हे त्यांना कळलेलं बरं.